कोरी नळी

प्रज्ञानं दार लोटलं, नळ्यांवर गोधडी पांघरली आणि आत जांभळा टॉर्च पेटवला. शरीरातल्या हार्मोनांचा तोल बिघडवणारं फवारणीचं औषध पाण्यात असलं, तरच तिच्या सेन्सरचा थेंब निळा उजळायचा. कोऱ्या नळीत निव्वळ शुद्ध पाणी होतं. तरी ती उजळली. शेजारची, विहिरीच्या पाण्याची नळीही तशीच.

"दोन्ही चमकून राहिल्या," प्रज्ञा पुटपुटली.

धनश्री गोधडीचं टोक धरून उभी होती. नागपूरला एमएस्सीत ती पहिली, प्रज्ञा तिसरी. मग प्रज्ञा पुण्याला संशोधनाला गेली. धनश्री लग्न होऊन रामाकोन्याला आली, सौसरच्या शाळेत विज्ञान शिकवू लागली. अकरा वर्षांत सासऱ्यांनी, बापूजींनी, तिला त्यातलं अक्षरही विचारलं नव्हतं. आज मात्र प्रज्ञा विहिरीचं पाणी तपासायला आली, तर सकाळपासून तिला 'मॅडम, हे काउन, ते काउन' असे प्रश्न चालले होते. बागेतली संत्रीही त्यांनी स्वतः तोडून आणली. बोलता बोलता प्रज्ञानं तीन सोलली आणि हात रुमालाला पुसले.

गोधडीखाली प्रज्ञाची बोटंही निळी दिसत होती. सालीच्या तेलाची ती चमक धनश्रीला ओळखीची होती. प्रयोगशाळेत एकदा तिचीच बोटं अशी उजळली होती. तिनं गोधडीचं टोक सोडून दिलं.

"सहा वर्षांचं काम आहे, धनू. उद्या पांढुर्ण्यात सगळ्यांसमोर हेच दाखवायचं आहे."

"होते असं कधी कधी," धनश्री म्हणाली. आवाजातला गोडवा तिचा तिलाच जाणवला.

बापूजींनी दार उघडलं. "मॅडम, काय निघालं?"

"सेन्सरच बिघडला, बापूजी. पाण्याचं काही सांगता येत नाही."

"मंग पाणी चांगलंच असन. मी म्हणतच होतो." त्यांनी विहिरीच्या पाण्याच्या माठातून गिलास भरला आणि शाळेतून आलेल्या नातीपुढे धरला. "घे वं, पिऊन घे."

धनश्रीनं लेकीच्या हातून गिलास काढून घेतला. मग प्रज्ञाकडे न पाहता म्हणाली, "साबणानं हात धुऊन ये. संत्र्याचं तेल लागलंय बोटांना. नव्या नळ्या मी भरते."

या वेळी कोरी नळी काळी राहिली. विहिरीची उजळली.

"चालून राहिला," प्रज्ञा हसून म्हणाली. मग धनश्रीच्या लेकीकडे नजर गेली आणि तिनं टॉर्च विझवला.

बापूजींनी गोधडीखालून डोकं बाहेर काढलं. प्रज्ञाकडे त्यांनी पाहिलंच नाही.

"सूनबाई, हे काय होय? तू सांग मले."

अकरा वर्षं तिनं याची वाट पाहिली होती. भरलेला गिलास अजून तिच्या हातातच होता. तो कुठं ठेवावा, तिला कळेना.