पट्टीखालचा कोपरा

"लोकांच्या घरात देवांच्या तसबिरी पुसतात, आमच्या नशिबी पडकं विमान," असं पुटपुटत घरच्या सुनेने, कामिनीने माझ्या काचेवर फडकं मारलं.

मित्रांनो, ते पडकं विमान माझ्यात आहे. मी त्याचा जुना फोटो. महायुद्धाच्या दिवसांत ते शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी कोसळलं. त्याच आठवड्यात गावात दवंडी झाली होती: आभाळातून उतरेल तो शत्रू, त्याला पाणी पाजील त्याला बेडी. विमान आपल्याच बाजूचं होतं, पण ते कुणाला ठाऊक?

लग्नासाठी धुळ्याहून आलेला फोटोग्राफर गावातच होता. "श्वास रोखा! हलेल तो पुसट येईल," त्याने दम भरला. या घराचे तेव्हाचे मालक झुलालआबा, त्यांनी पंखावर पाय ठेवला, मिशीला पीळ दिला. सगळे पुतळे झाले. आबांची लहानगी लेक यशोदा तेवढी समोर न बघता खाली कोपऱ्याकडे बघत राहिली.

हाशमभाईंनी मला चौकट केली. आबांनी खालच्या कडेला काळ्या कागदाची रुंद पट्टी लावून घेतली. का, ते कुणी विचारलं नाही. पाहुणे आले की माझं कौतुक व्हायचं. पुढे टीव्ही आला आणि मी फ्रिजमागच्या भिंतीवर गेलो. वरून पिवळा पडत गेलो. पट्टीखाली मात्र उजेडच नव्हता, तिथे मी कोराकरकरीत राहिलो.

ऊन, ओल, वाळवी यांपासून जुने फोटो जपा, मित्रांनो. पण सगळ्यांत आधी पट्टीपासून जपा.

कामिनीने मोबाइलवर टाकलेलं माझं चित्र बघून काल जळगावहून नवीन नावाचा एक तरुण आला. पडलेल्या विमानांची ओळख पटवायचा त्याला छंद. परदेशात एक म्हातारी बाई आहे, म्हणाला. वैमानिक तिचा काका. तिला मरण्याआधी एवढंच कळायला हवं आहे, की काका पडल्या पडल्या गेला ना, तळमळला नाही ना?

"शेपटीवरचे शेवटचे आकडे पट्टीखाली आहेत, भाऊ," नवीन म्हणाला.

"काच कसाले काढतस? ऱ्हाऊ दे ना!" यशोदाबाईंचा मुलगा हेमराज म्हणाला. कामिनीने तोवर खिळे उपटले होते.

पट्टी निघाली. "सापडलं! तेच विमान!" नवीन ओरडला आणि मग कोपऱ्यावर वाकला.

कोपऱ्यात एक माणूस आडवा होता. त्याच्या बुटाची नाडीसुद्धा स्पष्ट होती. वर उचललेला हात तेवढा धुक्यासारखा पुसट.

"डाग शे तो. ओल लागेल शे," हेमराज घाईने म्हणाला.

"हो, डागच," नवीन म्हणाला. रोज जुने फोटो बघणारा माणूस! कामिनी उगाच फडकं पिळत बसली. फडकं कोरडं होतं.

नवीनने मोबाइल काढला. खाटेवरून यशोदाबाईंनी विचारलं, "काय लिखी राहिना रे भाऊ?"

"हेच, अक्का. काका लगेच गेले. त्रास झाला नाही."

"बरं शे, लिखी टाक," हेमराज म्हणाला.

यशोदाबाई उठल्या. माझ्यात त्या जिथे बघत होत्या तिथेच, त्या पुसट हाताशेजारी, त्यांनी बोट टेकवलं.

"डाग नही शे तो. पानी मांगत व्हता," त्या म्हणाल्या. "जित्ता व्हता तो."