हात खिशात!

आर्डिस कोलेमायनेन अमेरिकेतल्या डुलूथच्या विद्यापीठात नोकरीला लागली, तेव्हा चित्रकला विभागातली बडी मंडळी तिच्या विषयाला 'कात्री-डिंक खातं' म्हणायची. मुलांना चित्रकला कशी शिकवावी, हाही शिकवण्याचा विषय असतो, हे त्यांच्या गळी उतरवता उतरवता तिचे सोनेरी केस पांढरे झाले.

त्या खात्याचा जीव म्हणजे शनिवारचा वर्ग. गावातली मुलं यायची आणि शिक्षक होऊ घातलेले तिचे विद्यार्थी त्यांच्याबरोबर बसायचे. नियम दोनच. 'हे काय आहे?' असं विचारायचं नाही, आणि मुलाच्या कागदाला हात लावायचा नाही. पण हात शिवशिवतातच. म्हणून आर्डिसनं सगळ्यांसाठी चांगल्या खोल खिशांचे एप्रन शिवले होते. कुणाचं बोट कागदाकडे सरकलं की ती गरजायची, "हात खिशात!" तिचे जुने विद्यार्थी बाजारात भेटले तरी आधी हात खिशात घालून दाखवत.

आता तिच्या निवृत्तीला एक हिवाळा उरला होता, आणि नवा डीन लोवेल ब्रांडवोल्ड याला तिची ती भरपूर उजेडाची खोली संगणकांसाठी हवी होती. खोली गेली की वर्ग गेला.

"ठरवण्याआधी एकदा शनिवारी येऊन जा," एवढंच ती म्हणाली.

बुटांवरचा बर्फ झटकत लोवेल आला. तिनं त्याच्या गळ्यात एप्रन अडकवला.

"आर्डिसबाई, मी नुसता बघायला आलोय हो."

"नुसतं बघायलाच तर लागतो."

पहिलीतली ओपल तपकिरी रंगात बुडालेली होती. लोवेल वाकला. "अरे वा, अस्वल! पण याला कान कुठायत?" आणि ब्रश उचलून त्यानं एक कान काढलासुद्धा.

सगळे वळून बघायला लागले.

"ही माझी आई आहे," ओपल म्हणाली. "आता तिला शिंग आलं."

आर्डिसच्या मनात आलं, खोली याच्याच हातात. याला चारचौघांत कसं बोलायचं? पण जन्माची सवय. तोंडातून निघून गेलंच.

"लोवेल! हात खिशात!"

डीनसाहेबांचे हात खिशात गेले, कान लालबुंद झाले. "'मला तुझ्या चित्राबद्दल सांग,' असं म्हण," आर्डिस हळूच पुटपुटली. तोही तसंच म्हणाला.

मग काय! आई रात्रपाळीहून येते, तपकिरी कोटासकट सोफ्यावर झोपते, तिला उठवायचं नसतं. ओपल सांगत राहिली आणि बुटक्या खुर्चीत गुडघे हनुवटीला लावून लोवेल ऐकत राहिला. शेवटी तिनं कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला.

"आता तू काढ."

"मला येत नाही गं."

"येतं का, असं मी कुठे विचारलं?"

त्यानं एक काळा चौकोन काढला, मध्ये गोल भोक. 'हे काय?' आर्डिसच्याच ओठांवर आलं होतं. तेवढ्यात ओपलनं आपल्या छोट्या एप्रनच्या खिशात दोन्ही हात खुपसले.

"मला तुझ्या चित्राबद्दल सांग."

वडिलांची गोठलेल्या तळ्यावरची, बर्फाला भोक पाडून मासे धरायची खोपटी होती ती. सांगता सांगता लोवेल इतका रंगला, की मुलांना न्यायला पालक दारात येऊन उभे राहिले तरी थांबेना.

सोमवारी त्याचा फोन आला. "संगणक तळघरात जातील, बाई. त्यांना कशाला हवाय उजेड? आणि तुमच्या जागेवर माणूस शोधायला घेतोय. कात्री-डिंक खातं बंद नाही पडणार." मग जरा घुटमळून म्हणाला, "तुमचा एप्रन माझ्याकडेच राहिलाय."

"राहू दे," आर्डिस म्हणाली. "शनिवारी लागेल."