टबातले पाय

सासूबाईंच्या स्वच्छतेपुढे साबणानेही हात टेकले असते. इस्पितळाच्या धोबीखान्यात उभा जन्म गेलेला. घरात मशीन होतं, पण त्या कपडे टबात भिजवून पायांनी तुडवायच्या. "मशीन नुसतं घुसळतं. मळ निघायला अंगाचा भार लागतो."

त्यामुळे सुनेच्या कमरेवर गजकर्ण दिसलं तेव्हा त्यांनी आपलं ताट लांब सरकवलं. लालभडक कडा, आत पांढरट कोंडा, आणि ही जेवता जेवता डाव्या हाताने खाजवतेय!

"शी! ऊठ ताटावरून. तुझे कपडे माझ्या टबात नकोत. बरी होईस्तोवर माहेरी जाऊन राहा."

"आई, गोळ्या महिनाभर घ्यायच्यात. तोवर माझी नोकरी टिकेल का?"

मुलगा ताटात डोकं खुपसून भात कालवत राहिला.

सून गेली नाही. कपडे वेगळे धुऊ लागली, गोळी चुकवली नाही, मलम नेमाने लावलं. चट्टे विझत आले, आणि तेवढ्यात मुलाच्या जांघेत नायटा उठला. त्याने मित्राची ट्यूब लावली. दोन दिवस आराम पडला, मग चट्टा बशीएवढा झाला. कडेला पू, चड्डीला डाग.

सासूबाईंनी ती चड्डी चिमट्याने उचलली. "बायकोचंच लागलं तुला. उद्याच्या उद्या तिला गाडीत बसव."

"आधी मला डॉक्टरकडे ने," मुलगा कण्हला. त्याला धड बसवतही नव्हतं.

तिघंही गेली. ट्यूब पाहून डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "यात स्टेरॉइड आहे. खाज झोपते आणि बुरशी माजते. फेका आधी. मावशी, तुम्ही मोजे काढा बघू."

"मला कुठे काय खाजतंय?"

मोजा निघाला. अंगठ्याचं नख पिवळं, जाड, खालून भुसा सुटलेलं. बोटांच्या बेचक्यात ओली, पांढरी साल. खोलीत कुबट वास पसरला. सासूबाईंनी हे सगळं कैक वर्षं म्हातारपणाच्या खात्यावर टाकलं होतं.

"घरातले कपडे कोण धुतं?"

मुलाने आईकडे पाहिलं, सुनेने भिंतीकडे.

"मीच," सासूबाई पुटपुटल्या. "पायांनी."

"म्हणजे बुरशीचं दुकान इथे आहे. घरभर वाटप इथूनच झालं असणार. आधी रक्त तपासू, यकृत ठीक असेल तर तीन महिने गोळ्या. नख घासून पातळ करत राहायचं. वाकता येतं?"

येत नव्हतं.

घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "मला नाही बघवत ते," आणि बाहेर सटकला. सुनेने हातमोजा चढवला. त्यावर आणखी एक चढवला. खाली कागद पसरून तिने सासूबाईंचा पाय स्टुलावर घेतला आणि कानस फिरवू लागली. पिवळी पूड झडायला लागली. सुनेचा श्वास रोखलेला, ओठ घट्ट मिटलेले, मान जमेल तेवढी मागे.

सासूबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तू... जायची नाहीस ना गं माहेरी?"

"हलू नका आई," सून दातांवर दात दाबून म्हणाली. "तोंडात उडतंय."