तासाभरावरचा गोवा

माझी नात सिद्धेश्वरी जन्मली त्याच वर्षी सोलापूरहून गोव्याला विमान सुरू झालं. माझा मुलगा गुरुशांत गोव्यात एका हॉटेलात वायरमन आहे. पूर्वी त्याला बसनं यायला सगळी रात्र जायची. आता पेपरात आलं, हवेतलं अंतर तीनशे किलोमीटर, वेळ तास-सव्वा तास. ते कात्रण मी मंद्रूपच्या घरात भिंतीला डकवलं. वाचायला उतारवयात शिकलो, म्हणून छापलेल्यावर माझा भरवसा फार.

मार्गशीर्षात माझी बायको सावित्रम्मा अंथरुणाला खिळली. सोमवारी सोलापूरच्या डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं. दोन दिवस, फार तर तीन, म्हणाले. लेक श्रीदेवी म्हणाली, भावाला आत्ता बोलवा. मी म्हणालो, त्याची रजा गेल्या महिन्यातच संपली, तासाभराची तर वाट आहे, उद्या बघू. बसचे दिवस असते तर मी दवाखान्यातूनच फोन लावला असता.

मंगळवारी सकाळी सातला तिच्या तोंडात घातलेलं पाणी ओठांवरून खाली आलं. मी फोन केला.

"अप्पा, विमान रोज नसतंय. आता उद्या दुपारी हाय," गुरुशांत म्हणाला. "उद्या येऊ, का गाडीनं आत्ता निघू? तुमी सांगा."

"आत्ता निघ."

मित्राची गाडी घेऊन तो आठला निघाला. रस्त्यानं चारशेच्या वर किलोमीटर, त्यात घाट. घाटात त्याचा फोन लागेना. माझा चुलतभाऊ शरणप्पा आला, कात्रणापुढं उभा राहिला आणि म्हणाला, "ह्यात वार लिवलेला न्हाय की रे."

दुपारी सावित्रम्मानं डोळे उघडले. "गुरु बंदना?" तिनं कानडीत विचारलं. आला का, एवढंच. मी सांगितलं, सांगोल्यात आहे. खरं तर तो अजून मिरजेलाही पोचला नव्हता. थोड्या वेळानं तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगोलाच सांगितलं. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही.

चारला त्याचा फोन आला, मंगळवेढा सोडलं म्हणून. चार वीसला श्रीदेवीनं आईचे डोळे मिटवले.

आमच्यात माणूस गेलं की अंग ताठ व्हायच्या आत मांडी घालून बसवतात, आणि बसलेलंच मातीत ठेवतात. शरणप्पानं तिला भिंतीला टेकवून बसवलं, कपाळाला विभूती लावली. दिवस मावळायच्या आत उरकायचं होतं. माणसं शेतात खड्ड्यापाशी गेली. मी गुरुशांतला काही कळवलं नाही. तो गाडी चालवत होता.

सव्वापाचला तो दारात आला. समोर आई नव्या लुगड्यात बसलेली. त्याचा चेहरा एकदम सैल झाला.

"अव्वा, उठून बसलीस व्हय?"

त्यानं जवळ जाऊन तिचा हात धरला आणि धरूनच राहिला. मग माझ्याकडं बघितलं.

"काल का न्हाय सांगितलं, अप्पा?"

तासाभराची वाट म्हणून, असं मी म्हणालो. त्यानं मान खाली घातली. शरणप्पा म्हणाला, ऊन उतरलं, चला. पुढचा खांदा गुरुशांतनं दिला.

माझी बायको सावित्रम्मा नऊ डिसेंबरला, मंगळवारी, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी वारली.