उदाहरणातली चंद्री

बदलापुरात इंग्रजीत कुणी चुकलं की क्लासची पोरं ओरडतात, "चंद्री झाली, चंद्री!" ओरडणाऱ्यांपैकी एकालाही ठाऊक नाही, की चंद्री ही हाडामांसाची बाई आहे. बारवी धरणाकडच्या ठाकरांच्या पाड्यावर ती वाढली आणि आता उल्हासनगरात धर्मेशशेठच्या छापखान्यात कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करून पुस्तकांची पानं लावते. तिचं नाव असं गावभर करणारा माणूस म्हणजे दिनानाथ सर.

पंधरा वर्षांपूर्वी ती सरांच्या क्लासला होती. वडील जाऊन महिनाच झाला होता. सरांनी स्वतःविषयी दहा ओळी लिहायला सांगितल्या, तर हिने पहिलीच ओळ वडील गेल्याची लिहिली. 'लॉस्ट' लिहायचं तिथे 'लूज' लिहून बसली. सरांनी वही उंच धरून ती ओळ वाचली आणि विचारलं, "बापाला काय दाव्याला बांधलं होतंस, सैल सोडायला?" वर्ग खदाखदा हसला. दुसऱ्या दिवसापासून चंद्री क्लासला गेली नाही.

एवढ्यावर भागलं असतं तरी ती गिळून बसली असती. पण सरांना त्या हशाची चटक लागली. त्यांनी 'नेहमी चुकणारे इंग्रजी शब्द' नावाचं पुस्तक काढलं आणि त्यातली एकूण एक चूक चंद्रीच्या नावावर घातली. 'डेझर्ट'चं स्पेलिंग चुकून चंद्री जेवणानंतर गोडाऐवजी वाळवंट खाते. 'किचन' आणि 'चिकन'ची अदलाबदल करून चंद्री कोंबडीत स्वयंपाक करते आणि स्वयंपाकघर कापते. आणि सोळाव्या पानावर चंद्री बापाला सैल सोडते, खाली चित्र: धोतरातला म्हातारा, गळ्यात दावं, दाव्याचं टोक पोरीच्या हातात. सहा आवृत्त्या खपल्या. हसायला काय जातं हो, मेलेला बाप दुसऱ्याचा असला म्हणजे!

या वर्षी चंद्रीची भाची सोनिया त्याच क्लासला जाऊ लागली. एक दिवस पोर मान खाली घालून म्हणाली, "आत्या, रागावू नको हां. मी फ्रेंड्सना तुझं नाव चंद्रकला सांगितलंय."

चंद्रीने तिला जवळ घेतलं, पण आतून तिची आग आग झाली. बापाचं हसं झालं होतंच, आता घरचं लेकरूही तिचं नाव लपवू लागलं होतं. हे नाव परत मिळवल्याशिवाय आपण गप्प बसायचं नाही, असं तिने त्याच दिवशी ठरवलं.

आणि सावज आपल्या पायांनी दारात आलं. सरांचा जुना छापखाना बंद पडला होता, म्हणून सातवी आवृत्ती धर्मेशशेठकडे आली. चंद्रीने मजकूर लावला. जिथे जिथे 'चंद्री' होतं तिथे तिथे 'दिनानाथ' घातलं. 'खाते'चं 'खातो' केलं, बाकी कशालाही हात लावला नाही.

छापखान्याचा नियम असा, की गिऱ्हाइकाने प्रूफ वाचून पानापानावर सही केल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही. चंद्रीचा सगळा भरवसा सरांच्या गर्वावर होता. वाचलं असतं तर पहिल्याच पानावर सापडलं असतं आणि तिची नोकरी गेली असती.

सर आले ते डोक्याला टोपी घालून. टोपीखाली डोकं तुळतुळीत. "वडील गेले हो, आज सतरा दिवस झाले," ते धर्मेशशेठना म्हणाले.

चंद्रीच्या हातात सोळावं पान होतं. ते एक नाव बदलायला तिला क्षणही लागला नसता. ती घुटमळली, खोटं कशाला सांगा. मग तिला वर उंच धरलेली आपली वही आठवली आणि तिने पान गठ्ठ्यात सरकवलं.

"सर, एकदा वाचून घ्या," ती म्हणाली.

"अगं बाई, माझंच पुस्तक मला वाचायला लावतेस? लोकांच्या चुका काढण्यात हयात गेली माझी," सर म्हणाले आणि उभ्या उभ्या सगळ्या पानांवर सह्या ठोकून गेले.

पुस्तकं क्लासात वाटली गेली, आणि आठवड्याच्या आत सर छापखान्यात येऊन थडकले. त्यांनी पुस्तक टेबलावर आपटलं. "शेठ, बदनामी चालवलीय माझी! पोरं 'दिनानाथ झाला' म्हणून ओरडतायत!"

धर्मेशशेठने सह्यांचा गठ्ठा पुढे केला. "सर, साइन तुमचीच आहे ना? हर पान पे आहे. मग मेरेको का बोलता?"

सरांनी पानं चाळली. चाळता चाळता त्यांचा चेहरा उतरला. "पण चंद्री कुठे गेली यातली?"

"मी इथेच आहे, सर."

सर तिच्याकडे बघतच राहिले. "तू कशी? चंद्री तर उदाहरणातली आहे."

पंधरा वर्षं जिने हे उरावर वागवलं, ती या माणसाच्या लक्षातही नव्हती! चंद्रीने सोळावं पान उघडून त्यांच्यासमोर धरलं. सर खुर्चीत बसले. "माझे वडील..." ते पुटपुटले. "सगळा वर्ग हसला गं."

"माझे वडील जाऊन महिना झाला होता, सर. तेव्हाही सगळा वर्ग हसला होता. तुम्हीच हसवलात."

तिला त्यांची कीव आली. पश्चात्ताप मात्र झाला नाही, आणि तो होत नाही याचं तिला बरं वाटलं.

सरांनी पुस्तक मिटून तिच्याकडे सरकवलं. "हे बदलून दे. परत छापू."

"देते की." चंद्रीने फाइल उघडली, सोळाव्या पानावर आली आणि 'दिनानाथ' खोडलं. "सांगा. इथे कुणाचं नाव घालू?"

सरांनी तोंड उघडलं. हजारभर पोरं त्यांच्या हाताखालून गेली होती, कितीतरी नावं तोंडपाठ होती. चंद्री कीबोर्डवर बोटं ठेवून थांबली. सरांच्या तोंडून एकही नाव निघालं नाही.