जनावरातलं कळणारा माणूस

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे हंबीरराव मामांना, जनावरातलं कळतं. हे मी नाही, ते स्वतःच सांगतात, दिवसातून दोनदा. आमच्या शुक्रवार पेठेतल्या गोठ्यात तेव्हा चार म्हशी होत्या. एखादीनं मूठभर पेंड न खाता टाकली की मामा लगेच डॉक्टरला फोन लावायचे. नाक ओलं असलं की जनावर ठणठणीत, हा त्यांचा पक्का नियम. अठ्ठ्याण्णव साली त्यांनी तो आमच्या बोक्यालाही लावला. बोक्याचं नाव वस्ताद.

वस्ताद सकाळपासून बंबाच्या राखेच्या घमेल्यात जाऊन बसत होता. बसायचा, कण्हायचा, उठायचा, कोपऱ्यात जाऊन स्वतःला चाटायचा आणि परत घमेल्यात. मी राख चाचपून पाहिली. सगळी कोरडी.

"मामा, ह्याला लघवी होत नाहीये. दवाखान्यात नेऊया."

मामांनी बोक्याच्या नाकाला बोट लावलं. "नाक वलं हाय. त्येचं प्वाट साफ न्हाय. एरंडेल पाज."

"पोटाचं नाही हो हे."

"तू शाळंत गणित शिकीव. चाळीस वर्सं जनावरं सांभाळल्यात म्या!"

एरंडेल त्यांनी स्वतःच पाजलं. वस्ताद भडाभडा ओकला. "बघ, घाण भाईर पडली की," म्हणत मामांनी मिशीवर हात फिरवला. बोका बरा झाला असता तरी ते बरोबर होते, ओकला तरी बरोबरच होते.

दुसऱ्या दिवशी वस्ताद माळ्याखालच्या अडगळीत दडून बसला. दुधाला तोंड लावेना. पोटाला हात लावला तर किंचाळला. आत लिंबाएवढं काहीतरी टणक लागलं. मी आदल्या दिवशी मामांचं ऐकायलाच नको होतं, याचा मला अजून राग येतो. भाजीच्या करंडीत टॉवेल घालून त्याला ठेवलं आणि रिक्षा बोलावली. मामाही शेजारी येऊन बसले. मला वाटलं, डॉक्टरला एरंडेलाचं माप सांगायला निघालेत.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. "कधीपासून?"

"कालपासून."

"मग कालच आणायचा. बोका सारखा बसतोय आणि थेंब पडत नाही, म्हणजे लघवीची वाट तुंबली. ह्यावर घरगुती औषध नसतं. उद्यापर्यंत राहिला नसता."

भूल दिली, बारीक नळी घातली. ट्रेमध्ये लालसर लघवीची धार लागली आणि मला रडूच आलं. वस्ताद वाचणार होता. आता मामांना चार शब्द ऐकवायचे म्हणून वळले, तर ते त्या ट्रेकडे टक लावून बघत होते. चेहरा पार उतरलेला.

"अनुजा, तू जरा भाईर थांब."

बाहेर गेले, पण दार नीट लागत नव्हतं.

"डॉक्टर, ह्ये माणसाला बी हुतंय व्हय?"

"काय?"

"सारखं जावं लागतंय. जाऊन हुबं ऱ्हायचं, आन् यायचं न्हाय."

"कुणाला होतंय?"

मामा खाकरले. मग म्हणाले, "दिवाळीपास्नं हाय."

"अहो, मी जनावरांचा डॉक्टर!"

"म्हनून तर तुमाला सांगतोय. माणसाच्या डॉक्टरला सांगाय लाज वाटती."

दिवाळी होऊन शिमगा आला होता. मी दार ढकललं आणि म्हटलं, "मामा, उठा. रिक्षा थांबवलीय."

चाळीस वर्षांचा अनुभव मिशीला हात न लावता उठला.