बर्फवाल्याचा हात

ताईच्या तोंडचं पाणीच पळालं हो! मांडीवर चिमण्या, म्हणजे तिचा तान्हा भाऊ, आणि अंग असं फणफणलेलं की दुपट्यातूनसुद्धा तिच्या मांडीला झळ लागत होती. आई डॉक्टरांना आणायला धावली होती. घरात ही दोघं आणि बाबा.

बाबा बर्फवाले. दिवसभर लाद्या उचलून हात नुसते गारठलेले. दुपारीच ताई म्हणाली होती, "बाबा, हात लावून बघा ना, ह्याला ताप आलाय."

तर हे हसले! "अगं वेडाबाई, माझ्या हाताला मेलेला मासासुद्धा गरम लागतो!" आणि गेले परत गाडीवर.

आता कुठलं हसू! बाबांनी कपाटातून रजया ओढल्या. एक घातली, त्यावर दुसरी, वरून स्वतःचा कोट. "घाम फुटला की पळेल ताप," असं पुटपुटत होते. चिमण्या लालबुंद झाला. मग त्याचं रडणंच थांबलं. डोळे अर्धवट मिटले. ताईला वाटलं, रडत होता तेच बरं होतं की!

तेवढ्यात तिची नजर दारातल्या हातगाडीवर गेली. उरलेली लादी गोणपाटात गुंडाळलेली. अख्खं ऊन खाऊनही शाबूत.

"बाबा, बर्फाला गोणपाट कशाला गुंडाळता?"

"हे काय आत्ता? बाहेरची ऊब आत शिरू नये म्हणून!"

"मग ह्याच्या आतली ऊब बाहेर कुठून जाणार?"

बाबांचा अर्धा जन्म बर्फ झाकण्यात गेला, आणि पोराला...

कोट उडाला, रजया उडाल्या, स्वेटरही निघाला. ताईने खिडकी सताड उघडली, कोमट पाण्यात फडकं भिजवून अंग पुसायला घेतलं. बाबांनी हात पुढे केला अन् झटकन मागे घेतला. आपल्या हाताचा काय भरवसा! खाली वाकून त्यांनी गालच टेकवला चिमण्याच्या पोटावर.

"भाजतंय गं," ते म्हणाले. आवाज पार चिरकलेला. "खरंच भाजतंय."

चिमण्या हलेना. ताई पुसतेय, पुसतेय, मनात नुसतं रड रे, रड ना रे...

पायरीवर आईची चप्पल वाजली, मागून डॉक्टरांचे बूट. आणि तेव्हाच बाबांच्या कानाशी बारीकसं कण्हणं, एक लाथ, मग भोकाड!

डॉक्टर म्हणाले, "बाजूला व्हा, बघू द्या." पण बाबा गाल काही उचलेनात.